पाच गावं आणि एक दिवस?

गेल्या अंकात इटलीच्या चिंक्वे तेर्रेचा जाता जाता उल्लेख केला होता, तेवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलं आहे. तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच भूमी. जेनोआ आणि पिसा यांच्या दरम्यान, लिगुरियाच्या किनाऱ्यावर, डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे कड्याला धरून बसलेली ही पाच गावं. पश्चिमेकडून मोजलं तर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भर ऑगस्टमध्ये, म्हणजे मूर्खासारखी. दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. खालची उत्तरं दुसऱ्या खेपेची आहेत.

ताई, आमची ग्रुप टूर सकाळी फ्लॉरेन्सहून निघून चिंक्वे तेर्रे करून रात्री परत येणार आहे. एका दिवसात पाचही गावं होतील ना? (पुणे)

होतील. म्हणजे पाच स्टेशनं होतील. ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी लोकल धावते, दोन गावांमध्ये फार तर पाच मिनिटं लागतात, आणि त्यातलाही बहुतेक वेळ बोगद्यात जातो. खिडकीतून क्षणभर निळं दिसतं, ‘अय्या, समुद्र!’ म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. उतरायचं, गर्दीबरोबर धक्क्यापर्यंत वाहत जायचं, फोटो काढायचा, गर्दीबरोबर परत वाहत यायचं. माझ्या ऑगस्टच्या दिवसात मी अशी चार गावं केली. आज ते फोटो पाहताना कुठलं गाव कुठलं ते मला सांगता येत नाही.

ही गावं उघडतात ती संध्याकाळी सहानंतर, दिवसाचे पाहुणे गाडीला लागल्यावर. मानारोलाच्या मुख्य रस्त्यावर आपल्याकडे स्कूटर उभ्या असतात तशा होड्या उभ्या असतात, कारण बंदर असं नाहीच. होडी क्रेनने पाण्यातून उचलायची आणि घरासमोर आणून ठेवायची. दिवसा त्या होड्या दिसतच नाहीत, त्यांच्यावर माणसं टेकलेली असतात. संध्याकाळी मात्र एक काकू आपल्या होडीवर पायपुसणी वाळत घालताना दिसल्या.

तेव्हा जमलं तर तीन रात्री द्या. टूर ठरूनच गेली असेल तर गाइडला सांगून दोनच गावं घ्या, मानारोला आणि वेर्नात्सा, आणि उरलेल्या तीन गावांचं पाप माझ्या माथी मारा.

हॉटेल कुठल्या गावात घ्यावं? साइटवर सगळीकडे ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं आहे आणि दर डोळे फिरवणारे आहेत. (ठाणे)

आधी माझी फजिती ऐका. पहिल्या खेपेला वेर्नात्सात ‘समुद्रदर्शन’ असलेली खोली घेतली. मालकाने निरोप पाठवला होता, ‘स्टेशनपासून चार मिनिटं’. चार मिनिटंच होती, पण उभी. चाकांच्या बॅगेची चाकं अशा ठिकाणी केवळ ओझं वाढवतात हे मला तिसाव्या पायरीला कळलं आणि नव्वदाव्या पायरीला पटलं. खोली स्वच्छ होती, चादरींना साबणाचा वास होता, सगळं छान. समुद्र कुठे आहे? तर न्हाणीघरात. कमोडचं झाकण लावून वर उभं राहिलं की झरोक्यातून हातरुमालाएवढा. खोटं काही लिहिलेलं नव्हतं, भांडणार तरी कशावरून?

म्हणून खोली घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: स्टेशनपासून पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, आणि समुद्र दिसतो तो पलंगावरून की झरोक्यातून. हॉटेल म्हणावं अशी हॉटेलं मुख्यतः मोंतेरोस्सोत आहेत. बाकी गावांत ‘आफित्ताकामेरे’, म्हणजे जुन्या घरातल्या भाड्याच्या खोल्या. रिसेप्शन नसतं, किल्ली कुठे मिळेल त्याचा निरोप येतो. पासपोर्ट मागतात, घाबरू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. माणशी, रात्रीगणिक पर्यटन कर बहुतेक ठिकाणी वेगळा द्यावा लागतो.

खर्च आवरायचा असेल तर ला स्पेत्सियात राहा. रियोमाज्जोरे तिथून गाडीने आठ-दहा मिनिटांवर. शहर दिसायला साधं आहे, पण तिथे खऱ्या माणसांची खरी भाजीबाजाराची पिशवी दिसते. दुसऱ्या टोकाचं लेवांतो मला जास्त आवडलं. मोठी पुळण आहे, आणि जुनी रेल्वे हलवल्यावर मोकळ्या झालेल्या बोगद्यांतून बोनास्सोला, फ्रामुरापर्यंत सायकलची सपाट वाट केली आहे. भर दुपारी बोगद्यातल्या गारव्यातून सायकल चालवायची आणि अधूनमधून समुद्राच्या खिडकीशी थांबायचं.

आई बहात्तर वर्षांची आहे. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला नेणं शहाणपणाचं आहे का? (कोल्हापूर)

न्या, पण मोंतेरोस्सोत ठेवा. पाचांत तेवढंच एक गाव बऱ्यापैकी सपाट आहे. फेजिना या नव्या भागात स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समुद्र, बाकं, आइसक्रीम. जुन्या गावात जायला बोगद्यातून सरळ रस्ता आहे. फेजिनाच्या पुळणीच्या टोकाला कड्यात कोरल्यासारखा नेपच्यून या रोमन समुद्रदेवाचा एक अवाढव्य पुतळा आहे, 1910 सालचा, काँक्रीटचा, चौदा मीटर उंच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनी आणि वादळाने त्याचे हात नेले. आईंना तो नक्की आवडेल, आपल्याकडच्या भग्न मूर्तींची सवय असलेल्या डोळ्यांना तो परका वाटत नाही. कवितेची आवड असेल तर हेही सांगा की 1975 चं नोबेल मिळालेले कवी एउजेनियो मोंताले यांचे लहानपणचे उन्हाळे इथेच गेले.

बाकी गावं आईंना बोटीतून दाखवा. साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबर बोट चालते, समुद्र खवळलेला नसेल तर. कोर्निल्यात बोट थांबत नाही, कारण ते गाव समुद्रापासून शंभरेक मीटर वर बसलं आहे. स्टेशनवरून तिथे चढायला लार्दारिना नावाचा जिना आहे, तेहतीस वळणं आणि पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. छोटी बसही आहे. ‘मला जमेल गं’ असं आईंनी म्हटलं तरी बसच घ्या.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. इटलीत पिझ्झा-पास्त्यावर निभावेल असं सगळे म्हणतात. (नाशिक)

निभावेल, आणि लिगुरियात तर चैन होईल. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पेकोरिनोला कोकराचं. पेस्तोचा जन्म याच प्रांतातला. त्यात तुळशीच्या कुळातली बेझिल, चिलगोज्याच्या जातीचे पाइन नट्स, लसूण, जाडं मीठ, ऑलिव्हचं तेल आणि हीच दोन चीजं असतात. अंडं-मांस नाही म्हणून तुम्हाला चालत असेल तर त्रोफिये नावाचा पिळाचा पास्ता पेस्तोत, सोबत उकडलेला बटाटा आणि फरसबी घातलेला, जरूर मागवा. पास्त्यात बटाटा म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, आणि मग ताटली पुसून खाल्ली. रेनेट चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणायचं, चीजशिवाय. पेस्तोत मात्र ते आधीच कुटलेलं असतं, तेव्हा तो सोडा आणि टोमॅटोचा पास्ता घ्या.

निश्चिंतपणे खाता येईल अशी गोष्ट म्हणजे फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. पहिला घास घेतला आणि मनात आलं, अरे, हे तर भट्टीतलं पिठल्याचं धिरडं! त्यावर मिरपूड टाकतात. मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. दुकानदाराने बघितलं, चव मागितली आणि मग दोन ग्लास पाणी प्यायला.

सांभाळायचं ते अच्चूगे या शब्दाला, म्हणजे अँकोव्ही मासे. सॅलडात, पिझ्झ्यावर, कुठेही असतात. ‘नो कार्ने, नो पेशे, नो अच्चूगे’ पाठ करा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ती बसण्याची आणि पावाची आकारणी आहे, फसवणूक नाही. आणि दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी साडेसातला उघडतात. मधल्या वेळेला फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल लावून भाजलेला चपटा पाव.

आणि आम्ही मासे खाणाऱ्यांनी काय करायचं? (मालवण)

मालवणकरांनी मला विचारावं, हे म्हणजे काशीकराने गंगेचा पत्ता विचारण्यासारखं झालं. वर ज्यांना टाळायला सांगितलं तेच अच्चूगे तुम्ही शोधा. आपल्या मांदेलीच्याच कुळातले. मोंतेरोस्सोचे मच्छीमार रात्री दिव्याच्या उजेडावर ते धरतात. ताजे असतील तर लिंबात मुरवून कच्चेच वाढतात, तिथलं लिंबूही नावाजलेलं आहे. किंवा मिठात थरावर थर लावून, वर वजन ठेवून महिनोन्‌महिने मुरवतात. वेर्नात्सात बटाटा आणि टोमॅटोबरोबर भट्टीत भाजतात, त्याला तेगामे म्हणतात. तिखट नाही, आंबट नाही, कोकम नाही. पहिल्या दिवशी मिळमिळीत वाटेल, तिसऱ्या दिवशी माशाची चव लागायला लागेल. सुरमईशी तुलना करू नका, वाद होईल.

लग्नानंतरची पहिली सहल आहे. ‘प्रेमाची वाट’ उघडी आहे का? चालायला काही खास लागतं का? (मुंबई)

व्हिया देल्लामोरे, रियोमाज्जोरे ते मानारोला, एक किलोमीटरही नाही. 2012 मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि ती बंद झाली. 2024 मध्ये उघडली. आता वेगळे पैसे आणि ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. वाट सुंदर आहे, पण प्रेमात असाल तर कुठलीही चालेल. मी मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा सुचवेन, दोन तास, चढउताराची, वेर्नात्सा वरून दिसतं ते याच वाटेवर. चिंक्वे तेर्रे कार्ड काढा. त्यात पायवाटा येतात आणि रेल्वेसकट घेतलं तर लोकलही. दर गर्दीच्या दिवसांप्रमाणे बदलतो.

चपला, स्लिपर घालून वाटेवर जाऊ नका. 50 युरोपासून 2500 युरोपर्यंत दंड आहे आणि तो दंड मला योग्यच वाटतो. पावसाचा इशारा आला तर पायवाटा बंद होतात, तिथे ‘जरा जाऊ द्या ना साहेब’ चालत नाही. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे तळमजले चिखलाने भरले होते, माणसं गेली. गाव त्यातून उठलं आहे, पण विसरलेलं नाही.

पाच गावं झाल्यावर एक दिवस उरतो. (नागपूर)

पोर्तोव्हेनेरे. रेल्वे नाही, ला स्पेत्सियाहून बस किंवा बोट. खडकाच्या टोकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान पिएत्रोचं चर्च, समोर पाल्मारिया बेट. 1997 मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं ते पाच गावं, हे पोर्तोव्हेनेरे आणि समोरची तीन बेटं मिळून. खाडीपलीकडे लेरिची. कवी शेली 1822 मध्ये तिकडेच होडीने परत येताना बुडाला.

मी तासगावचा द्राक्ष बागायतदार. तिथल्या गोड वाइनबद्दल ऐकलं आहे. शेती बघायला मिळते का, की सगळं दुकानातच? (तासगाव)

तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे उभी असताना मला तुमच्या भागाचीच आठवण झाली होती.

शेती बघायची तर किनारा सोडा आणि मानारोलाहून बसने वर वोलास्त्राला जा. तिथून कोर्निल्यापर्यंत दीड-दोन तासांची वाट द्राक्षमळ्यांच्या मधून जाते. वोलास्त्रापर्यंतची चढण बसने वाचली की उरलेली बरीचशी वाट आडवी आहे, शेवटी उतार. मला पाच गावांतून एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. डोंगर इतका उभा आहे की पायाखालच्या मळ्यातल्या माणसाची फक्त टोपी दिसते.

त्या उतारावर मजग्या, म्हणजे पायऱ्यांसारखे सपाट पट्टे, केल्या आहेत आणि प्रत्येक मजगीला दगडाची भिंत, मातीचूना काही न लावता रचलेली. कोकणात ज्याला आम्ही गडगा म्हणतो तोच. सगळे गडगे एका ओळीत लावले तर चीनच्या भिंतीएवढे होतील असं तिथे सांगायची हौस आहे. मी मोजले नाहीत. एक ढासळलेला गडगा दोघं जण बांधत होते तिथे मात्र मी अर्धा तास उभी राहिले. म्हातारे आजोबा दगड उचलत, हातात फिरवत, बसला नाही तर खाली ठेवत, दुसरा घेत. हातोडी जवळ होती, पण त्यांनी ती तेवढ्या वेळात दोनदाच उचलली. मोठ्या दगडांच्या मागे बारीक खडी भरत होते. सिमेंट का नाही, असं मी विचारलं. त्यांच्या नातीने इंग्रजीत सांगितलं, सिमेंट पाणी अडवतं, पाणी मागे साठतं आणि एक दिवस भिंत माती घेऊन खाली जाते. सुक्या भिंतीतून पाणी झिरपून निघून जातं. मळे ओस पडले की गडगे कोणी बघत नाही, गडगे गेले की डोंगर गावावर येतो. असे सुके गडगे रचण्याची कला 2018 मध्ये इटलीसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या यादीत गेली, पण ते नातीने सांगितलं नाही, ती खडीची बादली वाहत होती.

आता द्राक्षं. तुमचा मांडव डोक्यावर असतो, त्यांचा जुना मांडव गुडघ्या-कमरेएवढा. खारा वारा लागू नये म्हणून बुटका ठेवायचा आणि माणसाने खालून रांगत जायचं. तोडणीचे क्रेट वर आणायला डोंगरावर एकाच रुळाची दातेरी गाडी आहे, एक इंजिन आणि मागे दोन-तीन पाळणे. पूर्वी हे सगळं पाठीवर आणि डोक्यावर यायचं. ग्रोप्पो नावाच्या वाडीत या शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी आहे, तिथे चव घेता येते, विकतही मिळते. सहकार म्हटल्यावर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.

गोड वाइनचं नाव शाक्केत्रा. बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेंतिनो या पांढऱ्या जाती, त्यात बोस्को मुख्य. सप्टेंबरात घड काढतात आणि हवेशीर सावलीत जाळ्यांवर पसरतात. म्हणजे थेट तुमची बेदाणा शेड! फरक एवढाच की ते वाटेत थांबतात. मणी सुरकुतला, साखर दाटली, पण आत अजून थेंब आहे, अशा वेळी, नोव्हेंबर लागल्यानंतर, मणी हाताने खुडून रस काढतात. रस फार थोडा निघतो, म्हणून ती 375 मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत विकतात आणि त्या बाटलीला एका चांगल्या जेवणाएवढे पैसे पडतात. ‘रिझेर्वा’ असेल तर किमान तीन वर्षं मुरवलेली. रंग जुन्या मधाचा, चव आधी जर्दाळूची आणि मागाहून किंचित खारट. खारटपणा खरा की समोर समुद्र दिसत होता म्हणून, ते तुम्ही चाखून ठरवा. जेवणाबरोबर घेऊ नका. जेवणानंतर, छोट्या प्याल्यात, कडक बिस्किटाबरोबर. जेवताना त्यांची साधी, कोरडी पांढरी वाइन घ्या, तीही याच तीन जातींची. परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम्सला हरकत नसते.

जायचं तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा, तोडणी आणि वाळवण दोन्ही दिसेल. व्हिसासाठी ऑगस्टची वाट बघू नका. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो.

आणि एक काम तुमच्याकडे. त्या आजोबांना मी फोनवर तुमच्याकडच्या बेदाणा शेडचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितले आणि नातीकरवी विचारलं, ‘यांचे मणी हिरवे कसे राहतात? आमचे तर तांबूस होतात.’ मी ‘द्रावणात बुडवतात’ एवढंच म्हणू शकले. कसलं द्रावण, किती वेळ, शेडला सावली कितपत, हे त्यांनी पुढे विचारलं आणि मी गप्प. सविस्तर लिहून पाठवलंत तर नातीला मेल करीन, तिचा पत्ता माझ्याकडे आहे.